बाभळीचे नाव ऑस्ट्रेलियाला गेले

वाशीम जिल्ह्यातली बांधावरची बाभूळ, माळावरचा हिवर आणि डोंगरउतारावरचा खैर ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्राने दीर्घकाळ ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत बसवली होती. ती मोट सुटणार हे काट्यांवरूनच दिसत होते. बाभूळ-हिवराचे काटे सरळ, उपपर्णांपासून झालेले, आणि फुले गोल गेंदांत. खैराचे काटे आखूड व आकडेबाज, फुले लांब कणिशांत. पुढे डीएनएच्या अभ्यासाने पक्के केले की हे गट एका पूर्वजाची सलग वंशावळ नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या अकेशियांचे नाते तर बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याशी अधिक जवळचे आहे. म्हणून आज बाभूळ आणि हिवर ‘व्हॅचेलिया’त आहेत, खैर ‘सेनेगालिया’त. ही फोड मला पूर्ण मान्य आहे. वाद आहे तो जुने नाव कोणी ठेवायचे याचा, आणि तो विज्ञानाचा नसून सोयीचा आहे.

नियमाने नाव प्ररूप-जातीबरोबर, म्हणजे ते ज्या जातीशी बांधलेले असते तिच्याबरोबर, राहते. मिलरने 1754 मध्ये मांडलेल्या अकेशियाची प्ररूप-जाती होती आपली बाभूळच. पण तसे केले असते तर ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून ऑर्चर्ड आणि मॅस्लिन यांनी 2003 मध्ये प्ररूपच बदलून तिथली एक जाती घेण्याचा प्रस्ताव मांडला. 2005 च्या व्हिएन्नातील वनस्पतिशास्त्र परिषदेत सुमारे 55 टक्के मते विरोधात पडली; पण प्रस्तावाच्या बाजूने असलेली समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के लागत होती. बहुमत हरले! 2011 मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम झाला. परिणामी महाराष्ट्रात लागवडीसाठी आणलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आता अस्सल अकेशिया, आणि गावची बाभूळ नव्हे.

तरीही मी नवे नावच लिहितो. ते उपरे आहे, हा आक्षेप टिकत नाही: व्हॅचेलिया ही प्रजाती वाइट आणि आर्नोट यांनी 1834 मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्याच वनस्पतींवरील ग्रंथात मांडली. जुने संदर्भ निरुपयोगी होतील, ही भीतीही अवाजवी. कांबळे आणि प्रधान यांचा ‘फ्लोरा ऑफ अकोला डिस्ट्रिक्ट’ 1988 चा. अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला 1998 मध्ये. म्हणून वाशीमच्या वनस्पतींसाठी तो ग्रंथ कोणी टाकून दिलेला नाही. शिवाय बाभळीचे ‘निलोटिका’ हे जातिनाम तसेच आहे. त्यावरून माग लागतो. लोकांची नावेच वापरा, असे म्हणणाऱ्यांना वेडी बाभूळ आठवावी: ती बाभळीच्या प्रजातीतली नाहीच.

खरे काम अजून जातीच्या आत पडून आहे. रामकाठी या बाभळीच्या प्रकाराच्या फांद्या सरळ वर जातात, पिकावर सावली कमी पडते, म्हणून शेतकरी ती बांधावर राखतो. पण तिला उपजाती मानायचे तर फांद्यांचा कोन पुरेसा नाही. शेंगा तपासाव्या लागतील, रामकाठी आणि साधी बाभूळ शेजारी असलेल्या बांधांवरचे बी वेगवेगळे पेरून रोपे कशी निघतात ते पाहावे लागेल.