सुदामा नगरातले पोहे

दोन दिवसांसाठी एखाद्या मोठ्या शहरात जायचे म्हटले की काय पाहायचे याची यादी कोणीही देतो. जेवायचे कुठे, हे मात्र कोणी धड सांगत नाही. सांगितलेच तर ते ठिकाण एक तर केव्हाच बंद पडलेले असते, किंवा तिथले बिल पाहून नुकतेच खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, महागाई भत्त्याच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणारी. गाडीची तिकिटे काढली की उरलेल्यात खाणे बसवायचे, हा आमचा प्रवासाचा नियम. गेल्या जानेवारीत इंदूरला जाताना हाच हिशेब मनात होता. परत आलो तेव्हा दोघांचे बाहेरचे खाणे बाराशे रुपयांच्या आत झाले होते. पण सांगायचे आहे ते बाराशे रुपयांविषयी नव्हे. सांगायचे आहे ते असे की, त्या दोन दिवसांत एकदाही आपण स्वस्तातले शोधतो आहोत असे वाटले नाही.

शुक्रवारी मुंबईत एक काम होते. ते उरकून मी आणि सौ. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलो आणि शनिवारी सकाळी इंदूरला उतरलो. रविवारी संध्याकाळी तीच गाडी परतीची. म्हणजे हातात एक अख्खा दिवस, एक रात्र आणि वर पाऊण दिवस. मुक्काम सौ.च्या मावसबहिणीकडे, सुदामा नगरात.

सुदामा नगर ही शहराच्या पश्चिमेची मोठी वसाहत. सेक्टर पाडलेले, घराला घर लागून, आणि दारावरच्या पाट्यांवर अधूनमधून आपली आडनावे. जवळच अन्नपूर्णेचे प्रसिद्ध मंदिर, प्रवेशद्वारावर मोठाले हत्ती असलेले. त्या देवीच्या नावाचाच रस्ता. साक्षात अन्नपूर्णेच्या शेजारी सुदाम्याची वस्ती! ज्याने कोणी ही नावे ठेवली त्याच्या मनात हा विनोद होता की नाही कोण जाणे, पण इंदुरात काय आणि कसे खावे याचा अर्धा खुलासा या दोन नावांतच आहे.

आंघोळी आटोपून आम्ही स्वयंपाकघराकडे पाहत होतो तर मेहुणी म्हणाली, "चला, पोहे खायला जाऊ." घरात गॅस, भांडी, पोहे सगळे असताना पाहुण्यांना नाश्त्याला बाहेर न्यायचे! आपल्याकडे असे केले तर पाहुणा गावभर सांगत सुटेल की घरात चहासुद्धा विचारला नाही. तिथे मात्र हाच पाहुणचार. मेहुणीच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, त्यासुद्धा शाल गुंडाळून निघाल्या. पायी पाच मिनिटांवर एक गाडा. नाव नाही, पाटी नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळते आहे, त्यावर पसरट परात आणि परातीत पिवळ्या पोह्यांचा डोंगर, वाफेवर ऊबदार राहिलेला.

आता पोह्यांच्या बाबतीत गोवेकराला कोणी काही शिकवू नये असे माझे मत आहे. नरकचतुर्दशीला आपल्या घराघरांत फोवांचे किती प्रकार होतात! दुधातले, दह्यातले, ताकातले, रोसातले, गूळखोबऱ्यात कालवलेले, फोडणीचे, बटाट्याचे. इंदुरी पोहे यांतल्या कशातच बसत नाहीत. तेल अगदी बेताचे. कांदा फोडणीत नाही, तर वरून कच्चा. बडीशेप लागते. किंचित गोड. त्यावर मूठभर शेव, कोथिंबीर, लिंबू, कोणी डाळिंबाचे दाणे घालतो, आणि शेवटी जीरावन नावाच्या मसाल्याची चिमूट. जिरे, काळे मीठ, आमचूर असे बरेच काही त्यात असते. जिभेवर आधी आंबट, मग खारट, मग तिखट असे टप्प्याटप्प्याने कळते. सोबत गरम जिलेबी. गोड-तिखट एकत्र खाण्याची सवय नसेल तर पहिला घास बिचकत जातो, दुसरा जात नाही.

प्लेट तीस रुपयांच्या आत. पण मी पाहत होतो ती गिऱ्हाइके. एक मोठी गाडी थांबली, त्यातून इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ उतरला. त्याच्या शेजारी सिमेंटने पाय पांढरे झालेले दोन मजूर. शाळेच्या गणवेशातली मुले. आणि आमच्या आजी. सगळे उभे, सगळ्यांच्या हातात तीच प्लेट, तीच किंमत. खुर्ची कोणालाच नाही, त्यामुळे खुर्चीवरून मोठेपणा ठरण्याचा प्रश्नच मिटला.

स्वस्ताईचे गणितही तिथेच उभ्या उभ्या समजले. गाडा एक, पदार्थ एक, फार तर दोन. पातेले दहा-अकरापर्यंत रिकामे, म्हणजे शिळे उरत नाही आणि फुकटही जात नाही. वाढप्या नाही, एसी नाही, छापील मेनू नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रोजचा माणूस. पाहुणा एकदा येतो, त्याला फसवून चालते. रोज सकाळी येणाऱ्याला फसवले तर तो उद्यापासून पुढच्या गाड्यावर उभा राहील. म्हणून परक्या शहरात खायला जागा शोधताना मी एकच खूण सांगेन: जिथे शेजारपाजारचे लोक घरच्या कपड्यांत आलेले दिसतात तिथे थांबा.

मेहुणीच्या मुलाने दुसरी प्लेट मागवली, "भिया, एक उसल पोहा." पोह्यांवर तिखट उसळ ओतून देतात, तो प्रकार. गाडेवाला मालव्यातल्या कुठल्याशा खेड्यातला. मी त्याला विचारले, उसळ हा शब्द कुठला? तो म्हणाला, "इंदौर का." आजी हसल्या. मला म्हणाल्या, "आता तो त्याचाच झाला."

आजींच्या या वाक्यामागे बराच इतिहास आहे. मल्हारराव होळकरांबरोबर मराठी माणूस माळव्यात आला. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर, पण १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर ती इंदूरला हलली आणि दरबार, फौज, कचेऱ्या, भिक्षुकी, शिक्षण यांच्या निमित्ताने मराठी घरे इथे वाढत गेली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात गेले. आपल्या गोव्याचाही एक धागा इथे आहे: मंगेशीच्या दीनानाथांची लेक लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात जन्मली. पोहे मराठी मंडळींनीच इंदुरात आणले, असे तिथले मराठी लोक छातीठोकपणे सांगतात. त्याचा कागदोपत्री पुरावा मी मागितला नाही. कचेरीत तेच काम करतो, सुट्टीत कशाला? पण 'उसळ' या शब्दाला आणखी कसला पुरावा हवा?

दुपारी दाल-बाफले. बाटी आपण ऐकून असतो. बाफला म्हणजे तिचा माळवी अवतार: कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचा आणि शेवटी तुपात बुडवायचा. सोबत डाळ, कढी, चटणी, लाडू. यासाठी मात्र बसायला जागा असलेले साधे भोजनालय गाठले. दोन दिवसांतला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तरी पणजीत दोघांच्या मासळीच्या थाळीला लागले असते त्यापेक्षा कमी. एक सूचना: तीन बाफल्यांच्या पुढे जाऊ नका. वाढणारा आग्रह करील. पण रात्रीचा सराफा बाकी आहे हे विसरू नका. आम्ही घरी येऊन दोन तास आडवे झालो आणि संध्याकाळी चहाखेरीज कशाला हात लावला नाही.

सराफा बाजार राजवाड्याच्या मागेच. सुदामा नगरातून रिक्षाने जाता येते. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री दुकानांची शटर्स खाली आली की त्याच पायऱ्यांसमोर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. रात्री वर्दळ राहिली तर दुकानांची आपोआप राखण होते म्हणून सराफांनीच याला उत्तेजन दिले, असे सांगतात. एकाच जागेत दिवसा लाखाचा माल, रात्री पन्नासाचा. नऊच्या आधी जाऊ नका, दहा ही वेळ बरी.

तिथे खाण्याची रीत आजींनी घरूनच सांगून पाठवली होती. एका पदार्थाची एकच प्लेट घ्यायची, सगळ्यांनी वाटून खायची, आणि आधी एक फेरी नुसती पाहण्यासाठी मारायची. आम्ही तसेच केले. भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याचे कोवळे कणीस किसून दुधात आणि मसाल्यात शिजवलेले. गराडू, हा थंडीतच मिळणारा कंद, आपल्या काटेकणग्यांचा भाऊबंद. तळून, लिंबू पिळून, जीरावन टाकून देतात. जानेवारीत गेल्याचे सार्थक त्या एका द्रोणाने केले. जोशींचे दही वडे (जोशी या नावावरून आपले समजू नका, जोशी माळव्यातही असतात) खाण्याइतकेच पाहण्याचे: दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात, थेंब सांडत नाही. मग साबुदाण्याची खिचडी. ती आपल्यासारखी तुपाजिऱ्यात परतलेली नाही, वाफवलेला साबुदाणा गिऱ्हाइकासमोर मसाला, लिंबू आणि बटाट्याच्या फरियाली चिवड्यात कालवून देतात. आमच्या घरी एकादशीला होते ती खिचडी इथे रात्री अकरा वाजता, उपास नसलेले लोक रांग लावून खात होते! शेवटी रबडी, आणि हाताच्या पंजाएवढी जिलेबी, जिला तिथे 'जलेबा' म्हणतात. ती पुरी संपवणे आम्हा दोघांच्या आवाक्याबाहेरचे होते.

मोमो आणि नूडल्सचे गाडेही तिथे भरपूर दिसले. मेहुणीचे यजमान त्यावर बराच वेळ चिडून बोलत होते. मला त्यांचे पटले. मोमो खायला कोणी सराफ्यात का यावे?

रिक्षातून परतताना डोक्यात आपल्याकडचीच गोष्ट घोळत होती. काही महिन्यांपूर्वी पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात गेलो होतो. वेटरने हिंदीत स्वागत करून चार पानी मेनू दिला, आकडे वाचून पाहुणे गप्प. मी कोकणीत विचारल्यावर तो हळूच म्हणाला, थाळी आहे, पण ती मेनूत छापलेली नसते. म्हणजे गोवेकराचे जेवण गोव्यात चोरून मिळते! पणजीत कॅफे भोसले, कॅफे ताटो यांसारखी भाजी-पावाची ठिकाणे आहेत तोवर आमच्यासारख्यांची सकाळ निभते. पण किनारपट्टीच्या गावांत पातळ भाजी आणि उंडो मिळणारे हॉटेल शोधायला आता वाकडी वाट करावी लागते. पर्यटक आला म्हणून स्थानिकाला उठवायचे, हे इंदुरात अजून तरी दिसले नाही. तिथे पर्यटकच स्थानिकांच्या रांगेत उभा राहतो.

घरी पोचलो तेव्हा आजी जाग्याच होत्या. काय काय खाल्ले याची चौकशी झाली. मी म्हटले, आजी, तुमचे मराठी पदार्थ सगळ्या शहराने उचलले की! त्या म्हणाल्या, "पदार्थ उचलले रे, नातवाने भाषा नाही उचलली." नातू समोरच बसलेला. त्याला मराठी सगळे कळते, पण उत्तर हिंदीत. तो म्हणाला, "दादी, समझता तो हूँ." इंदुरात मराठी नाटके होतात, सानंदसारखी संस्था ती नेटाने करते, सभागृह भरते, पण भरते ते बहुतेक आजींच्या वयाच्या लोकांनी, असे मेहुणी सांगत होती.

आपण गोव्यात 'पाव' म्हणतो, 'बटाटा' म्हणतो, ते पोर्तुगीज आहेत याची आठवण कोणाला होत नाही. पोर्तुगीज बोलणारे मात्र आता बोटांवर मोजावे लागतील. इंदुरात मराठीचे तसेच होईल का, उसळ आणि श्रीखंड एवढेच उरेल का, हे मला त्या रात्री फार लागून राहिले. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून मराठीच्या स्थानावर आपण गोव्यात भांडतो आहोत, अर्ज-निवेदने करतो आहोत. ती निवेदने माझ्या टेबलावरूनही गेली आहेत. पण घरातला नातू कुठल्या भाषेत उत्तर देतो, यावर कुठलाच कायदा नाही. पदार्थ टिकले म्हणून समाधान मानावे असे काही जण म्हणतील. मला ते पुरेसे वाटत नाही, आणि आजींनाही वाटत नव्हते.

रविवारी सकाळी पुन्हा पोहे, पण या वेळी दुसऱ्या गाड्यावर, कारण नातवाचे म्हणणे की कालच्यापेक्षा हा सरस. (मला कालचाच आवडला.) मग नवीन पलासियातले छप्पन दुकान. एका ओळीत छप्पन दुकाने म्हणून हे नाव. २०२० मध्ये ती जागा नव्याने बांधली, गाड्यांना मज्जाव करून फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवली. स्वच्छ, नीटनेटकी, जागोजाग ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ ओळीने पहिला नंबर पटकावलेले शहर ते. वेळ कमी असेल आणि सोबत लहान मुले किंवा म्हातारी माणसे असतील तर सराफ्याऐवजी इथे या, सोय चांगली. खोबऱ्याचे पॅटिस आणि शिकंजी घेतली. शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे हं. इंदूरची शिकंजी दुधाची, दाट, केशर-सुकामेवा घातलेली. एक ग्लास दोघांत पुरतो.

दुपारचे जेवण घरी, आजींच्या हातची पुरणपोळी. ती कुठल्याच गाड्यावर मिळत नाही. निघताना त्यांनी शेव आणि जीरावनची पुडी हातात दिली. नातवाने बॅगा रिक्षात ठेवल्या आणि वाकून नमस्कार करताना म्हणाला, "परत या." आजींनी त्याच्याकडे पाहिले, पण बोलल्या काहीच नाहीत.

जीरावनची पुडी आमच्या सेक्शनमध्ये आठवडाभर पुरली. पातळ भाजीवर ते मुळीच चांगले लागत नाही. उकडलेल्या अंड्यावर मात्र झकास.