माहेर कुर्ला

पन्नाशी उलटल्यावर माणसाला ज्या हौशी सुचतात त्यांपैकी देवदर्शन, बागकाम आणि होमिओपथी या समाजाला मान्य आहेत. वेगवान मोटार त्यांत बसत नाही. आणि ती सोळा वर्षांची जुनी असली तर विचारायलाच नको. 2018 साली मी फियाटची पॅलिओ घ्यायची ठरवली, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो अवघ्या महाराष्ट्रात येतो तोच: "अ‍ॅव्हरेज किती देते?"

मी खरं ते सांगितलं. शहरात लिटरला नऊ किलोमीटर. हिनं पुढं काही विचारलं नाही. ती उठून आत गेली, आणि तिथून भांड्यांचा जो आवाज आला त्यात सगळं उत्तर होतं.

या जातीच्या गाडीला इंग्रज लोक 'हॉट हॅच' म्हणतात. म्हणजे रूप भाजी आणायच्या आखूड गाडीचं, पण बॉनेटखाली इंजिन मात्र थोरल्या घराण्यातलं. 1976 साली फोक्सवॅगननं आपल्या साध्यासुध्या गोल्फ गाडीत 1600 सी.सी.चं, 110 अश्वशक्तीचं इंजिन बसवून ती जर्मनीत विकायला काढली, तेव्हापासून हे खूळ जगभर पसरलं. आपल्याकडे 2001 साली पॅलिओ आली. तिच्या थोरल्या प्रकाराचं इंजिन 1596 सी.सी.चं, ताकद 100 घोड्यांची. पुढं 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड आणि 1200 सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचं अबकारी शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. मग लहान गाडीत मोठं इंजिन घालण्याचा आतबट्ट्याचा धंदा करणार कोण? असल्या गाड्या विरळ झाल्या, आणि माझ्यासारख्याला जुन्या बाजाराची वाट धरावी लागली.

पण हे सगळं मी लोकांना सांगायचं कारण. खरं कारण आमचे अण्णा.

अण्णांनी बत्तीस वर्षं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात मोटारींना दारं बसवली. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली ही कंपनी. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंतची दारं अण्णांच्या हाताखालून गेली. संध्याकाळी मात्र ते कुर्ला स्टेशनात उभ्यानं लोकल पकडत. स्वतःची मोटार त्यांनी कधी घेतली नाही. घ्यावीशी वाटली का, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. ते निवृत्त झाल्यावर त्याच कुर्ल्यात पॅलिओ तयार होऊ लागली. आज कुर्ल्यात मोटारी होत नाहीत. तेव्हा माझ्या मनानं घेतलं, की गाडी घ्यायची तर तिथलीच.

नाशिकला एका तरुणाकडे अशी गाडी होती. तो परदेशी चालला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांना घेऊन मी पाहायला गेलो. मुलगी पाहायला गेल्यासारखे आम्ही गाडीभोवती फिरलो. मी टायर पाहिले, कागद पाहिले. 2017 साली पंधरा वर्षं पुरी झाल्यावर पुन्हा पासिंग करून पाच वर्षांची मुदत घेतलेली होती. अण्णांनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांनी चारी दारं एकेक करून उघडली आणि लावली. तिसरं दार लावल्यावर ते थांबले. पुन्हा लावलं. मग त्या दाराच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेरानं टिचकी मारून म्हणाले, "इथं लांबी भरली आहे. ठोकलेली गाडी आहे."

तरुण ओशाळला. रिक्षा लागली होती म्हणाला. सौदा 70 हजारांवर तुटला.

निघताना अण्णा म्हणाले, "नंदू, आधी टायमिंगचा पट्टा बदल. तो किती जुना आहे ते याला माहीत नाही, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं."

मेकॅनिकनं त्या कामाचे 6 हजार सांगितले. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. असे आठ महिने गेले.

ते आठ महिने मात्र मोठे सुखाचे होते! तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पॅलिओ अशी निघे, की पाठ सीटला टेकावी. सिग्नलला शेजारच्या नव्या चकचकीत गाडीतला पोरगा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून हसे, आणि दिवा हिरवा झाल्यावर त्याचं हसणं आरशात लहान लहान होत जाई. हे वय शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण न शोभणाऱ्या किती गोष्टी आपण तरुणपणी राहून जाऊ देतो!

पॅलिओ हे नाव इटलीतल्या सिएना गावच्या घोड्यांच्या शर्यतीचं. दर वर्षी 2 जुलैला आणि 16 ऑगस्टला गावच्या चौकात ती होते. स्वार खोगिराशिवाय बसतात, पडतात. आणि गंमत अशी, की स्वार पडला तरी घोडा एकटा पहिला आला तर तो जिंकतो.

आमच्यावर पाळी आली ती नेमकी उलटी. ऑगस्टातली संध्याकाळ होती. नाशिकच्या बहिणीकडून अण्णांना घेऊन परतत होतो. कसारा घाटात धुकं उतरलेलं, रस्ता ओला. एका वळणावर 'टक' असा आवाज झाला आणि इंजिन गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मी ब्रेक दाबला, सवयीनं सोडला, पुन्हा दाबला, तर पेडल ताठ होऊ लागलेलं. स्वार दोघे शाबूत, घोडा मेलेला, आणि पुढं उतार.

"पाय उचलू नकोस," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दाबलाय तसा दाबून धर. आता हँडब्रेक, हळू."

इंजिनाच्या ओढीनं ब्रेकच्या डब्यात पोकळी तयार होते आणि ती पायाला साथ देते. इंजिन मेलं, की साठलेली पोकळी दोन-तीन दाबांत संपते. मग ब्रेक असतो, पण तो लागायला पैलवानाचा पाय लागतो. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त अण्णांचा आवाज ऐकू येत होता. गाडी कठड्याजवळ उभी राहिली. मागचा ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णांनी विचारलं, "पट्टाच ना?"

मी मान हलवली. "मी सांगितलं होतं" एवढं त्यांनी म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी थर्मास मागितला.

रात्री टोचन लावून गाडी ठाण्याला आणली. ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये अंधारात ते हळूच म्हणाले, "मला वाटलं, कुर्ल्याच्या गाडीनं कुर्ल्याच्या माणसाला न्यायचं ठरवलं." आणि हसले. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि तो थरथरत होता.

पट्टा तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सोळांपैकी अकरा वाकले होते. हेड उतरवावं लागलं. बिल झालं 42 हजार. हिनं तो आकडा वाचला आणि, आश्चर्य म्हणजे, गाडी विका म्हणाली नाही. "अण्णांना दुपारची करमणूक झाली आहे," एवढंच म्हणाली. खरोखरच तीन आठवडे अण्णा रोज डबा घेऊन त्या गॅरेजात जात होते. चौथ्या दिवसापासून तिथली पोरं त्यांना विचारल्याशिवाय बोल्ट आवळीनात. परतताना त्यांनी कोणाला न सांगता ते तिसरं दारही बिजागरीवर उचलून नीट बसवून घेतलं.

2022 साली पुन्हा पासिंगची वेळ आली. जुन्या गाडीचं शुल्क 600 वरून 5 हजार झालं होतं. भरलं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस आला, तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्रातला फोटो भिंग घेऊन पाहिला आणि म्हणाले, "दाराची फट बघ, सारखी आहे."

आता ते पंच्याऐंशीचे आहेत. गुडघ्यांमुळे त्या खोलगट सीटवर बसणं जमतं, पण उठणं जमत नाही; दोघांनी हात द्यावा लागतो. यंदाच्या दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. हिनं नारळ फोडला. अण्णांनी चारी दारं एकेक करून लावली, कान देऊन. मग आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवत म्हणाले,

"पट्टा कधी बदललास?"

मी खिशातून बिल काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, घडी घातली आणि ते स्वतःच्या खिशात ठेवलं.