सर्जा, बादल आणि सरदेसाई

चार दिवसांपूर्वी रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याचा फोन आला. "आण्णा, या हंगामाला पुढच्या जोडीत बादललाच ठेवू का नवा घालू? तुम्ही सांगा." मी म्हटलं, "उद्या बोलतो." तो 'उद्या' अजून उजाडलेला नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो (घरच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). आमच्या जुन्नर-आंबेगावकडे गाड्याला चार बैल असतात, दोन पुढे, दोन मागे. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार, आणि तिच्या मागे बैल चढणीचा घाट चढतात. सगळा खेळ काही सेकंदांचा, नंबर घड्याळावर ठरतो. आता हाकणारा नाही म्हटल्यावर गाडा सरळ नेणार कोण? पुढची जोडी. त्यातला एक जरी बिचकला की बारी वाया गेली. म्हणून पुढे कोणाला जुंपायचं यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. अतिशयोक्ती नाही, उदाहरणं आहेत!

तर सर्जाची गोष्ट. धाकट्या भावाचा खिलार बैल. २०१४ च्या हंगामात चार वर्षांचा होता आणि पहिल्यांदाच पुढच्या जोडीत पळाला होता. काय पळायचा... घोडीच्या मागे दोरी लावल्यासारखा सरळ. आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, शर्यती बंद. गावात फार आरडाओरडा झाला. पण खरं सांगायचं तर घाटात बैलांच्या शेपट्या पिरगाळलेल्या, टोचणी लावलेली मी स्वतः पाहिली आहे. न्यायालयाला राग यावा असंच ते होतं. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली. लगेच १ जानेवारी २०२२ ला आंबेगाव तालुक्यात लांडेवाडीला शर्यत ठरली, तर आदल्या दिवशी कोरोनामुळे तीही रद्द!

साडेसात वर्षं. तेवढ्यात पाचवीतलं पोर बारावी होऊन जातं, पण बैलाची सगळी उमेद सरते. सर्जा दावणीला बांधल्या बांधल्या बारा वर्षांचा झाला.

मधल्या काळात पुतण्यानं बादल आणला होता. साडेतीन-चार वर्षांचा, अंगानं सडपातळ, डोळ्यांत नुसती आग. पण घाट कधी पाहिलेला नाही. गर्दी, भोंगा, भंडारा, कशाचीच सवय नाही. २०२२ च्या यात्रेआधी घरात वाद पेटला. भाऊ म्हणाला, "दादा, सर्ज्याचा हक्क हाये. त्याची वर्षं वाया गेली, त्यात त्याचा काय गुन्हा?" पुतण्या म्हणाला, "आण्णा, हक्क-बिक्क घड्याळाला कळत नाय." दोघं माझ्याकडे बघू लागले. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून निवाडा माझ्याकडे.

मी काय केलं असेल? मास्तरच तो! मी त्यांना १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा सांगितला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि नारायणगावच्या स्टँडवर पेपरसाठी भांडणं व्हायची. पतौडींना बाजूला करून विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर अजित वाडेकर कप्तान झाले होते. (लोक तेही म्हाताऱ्याला काढून तरुणाला आणल्यासारखं सांगतात. दोघेही १९४१ चे!) दौऱ्यावर दिलीप सरदेसाईंना न्यायचं की नाही यावर नाकं मुरडली गेली. तीस वर्षांचे, सगळ्यांनी संपले म्हणून सोडून दिलेले. वाडेकरांनी हट्टानं नेलं. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत आपली अवस्था ५ बाद ७५, आणि हा मडगावचा माणूस सोलकरला हाताशी धरून २१२ धावा काढून गेला. वेस्ट इंडिजवर फॉलोऑनची पाळी आली! २१ वर्षांचा गावसकर त्या सामन्यात बोट दुखावल्यामुळे बाहेर बसला होता. पुढच्या चार कसोटींत त्यानं ७७४ धावा केल्या, सरदेसाईंच्या मालिकेत ६४२. आपण मालिका १-० जिंकलो. "म्हणजे," मी म्हटलं, "जुना आणि नवा, दोघांना शेजारी शेजारी जुंपा. जुना वाट दाखवील."

भाऊ खूश झाला. पुतण्या गप्प बसला. माझ्यापुढे तो कधी उलट बोलत नाही, ही त्याची चांगली सवय त्या दिवशी नडली.

यात्रेच्या दिवशी सर्जा आणि बादल पुढे. अर्धा घाट काय सुंदर गेला म्हणून सांगू! बादल बाजूला ओढायला लागला की सर्जा त्याला अंगानं परत रेषेवर आणत होता. भावाच्या डोळ्यांत पाणी. आणि मग शेवटच्या चढाला सर्जाचा दम संपला. पाय पडत होते पण पुढे जात नव्हते, जू तिरपं झालं, आणि बादल त्याला ओढत वर घेऊन गेला. वेळ अशी लागली की भोंगेवाल्यानंही ती घाईघाईनं वाचली.

वर गेलो तर सर्जा तोंड उघडं टाकून उभा, फेस आलेला, मागचे पाय थरथरताहेत. भाऊ वशिंडावर हात ठेवून होता. पुतण्या पाणी मारत होता. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी माझ्याकडचं दहावीचं मराठी काढून एका नव्या बाईंना दिलं होतं. चिठ्ठी नाही, बोलणं नाही, वेळापत्रकच वेगळं लागलं. बाईंचा निकाल चांगला लागला हेही सांगायला हवं. पण ते माझ्या मनातून कधी गेलंच नव्हतं. निवाडा करताना मी सर्जाकडे बघतच नव्हतो, एवढं त्या रात्री कळलं. सरदेसाईंना विचारता येत होतं. त्यांना नको असतं तर ते घरी बसू शकले असते. सर्जाला कोणी विचारलं? हक्क त्याचा म्हणायचा, हौस भावाची आणि जखम माझी.

वाडेकरांचंही नंतर आठवलं. १९७४ ला इंग्लंडमध्ये ३-० हरले आणि पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच हिवाळ्यात पतौडी परत कप्तान! १९७१ चा अर्धाच धडा मी शिकवला होता.

पुढच्या घाटाला बादल दुसऱ्या बैलाबरोबर पळाला आणि सरळ पळाला. पुतण्या म्हणतो, "आण्णा, सर्जानंच शिकवलं त्याला, त्या अर्ध्या घाटात." खरं असेल. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल. सर्जाला परत जुंपलं नाही. १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम केला तेव्हा गावात गुलाल उधळला. भावानं थोडा सर्जाच्या कपाळाला लावला. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. बांधावरच्या आंब्याखाली पुरला आहे.

आता बादलचं वय झालं. नवा अजून आदत आहे, म्हणजे दुधाचे दात पडायचेत, पण पुतण्याच्या मते वारा आहे नुसता. आज सकाळी शेवटी त्याला फोन केला. म्हटलं, "फोनवर नाही सांगत. रविवारी येतो. मोकळ्या रानात बादलला चढावर चालवून दाखव, आणि वर गेल्यावर त्याचा श्वास खाली बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू."

"घड्याळ माझ्याकडं हाये," तो म्हणाला. "तुम्ही फक्त क्रिकेटचं काही काढू नका."