बर्फ मिक्सरचा होता

"त्यांना सवय असते." हे वाक्य मी सव्वीस वर्षं बोलत आलो. नागपुरात साइट इंजिनीअर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मे महिन्यात पारा 45च्या वर चढला की मी पत्र्याच्या ऑफिसात कूलरसमोर बसायचो आणि बाहेर चौथ्या मजल्यावर घमेली चढत राहायची. कुणी पाहुण्याने विचारलं, एवढ्या उन्हात ही माणसं काम करतात तरी कशी, तर माझं उत्तर तयार असायचं. छत्तीसगडची, बालाघाटकडची माणसं, उन्हातच वाढलेली, त्यांना काही होत नाही. यात मला कधी निष्ठुरपणा दिसला नाही. उलट त्यांच्या काटकपणाचं मी कौतुकच करतोय, असं वाटायचं.

मीही नागपूरचाच. त्याच उन्हात लहानाचा मोठा झालो. मग मला कूलर का लागत होता, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

एका वर्षी नवतपा, मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता. मोठा स्लॅब होता. पहाटे सुरू करून दुपारच्या आत संपवायचा बेत, पण मिक्सर बिघडला आणि काम भर दुपारवर आलं. स्लॅब ओतायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही. थांबलं की जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो. म्हणून माझं सगळं लक्ष काँक्रीटवर होतं. भारतीय मानक 7861 प्रमाणे हवेचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की ते उष्ण हवामानातलं काँक्रीटकाम धरतात, आणि काँक्रीट तापू नये म्हणून काळजी घ्यावी लागते. ती मी चोख घेतली होती. मिक्सरच्या पाण्यात टाकायला बर्फाच्या लाद्या मागवल्या होत्या, त्या गोणपाटाखाली सावलीत ठेवल्या होत्या. माझ्या खिशात थर्मामीटर होता. तोही काँक्रीटचाच.

अडीचच्या सुमारास एक पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा असेल, परांचीवर घमेलं घेऊन झोकांड्या खायला लागला. गावाकडचं लग्न आटोपून महिन्याभराने परतलेला, कामाचा तिसरा दिवस. मुकादमाला तो काका म्हणून हाका मारत होता, मध्येच हसत होता, जीभ जड झाली होती. मी खालूनच ओरडलो, "पिऊन आलाय तो. उतरवा त्याला आणि हाजरी कापा."

जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. वासही घेतला नव्हता.

वास घेतला तो एका बिगारी बाईने. त्याला खाली आणल्यावर तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "साब, इसने पी नहीं है. घाम लगा है." घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन. मी तिला समजावलं. होय, समजावलं, त्या क्षणी. ऊन लागलं की अंग कोरडं पडतं, हा तर घामाने निथळतोय, असं मी सांगितलं. कुठेतरी वाचलेलं अर्धवट ज्ञान होतं, ते मी त्या पोराच्या विरुद्ध वापरलं.

ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. सरळ बर्फाकडे गेली, गोणपाट बाजूला सारलं आणि लादी फोडायला लागली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं, तो मिक्सरचा बर्फ आहे."

त्या वाक्यावर मी पुढे कित्येक रात्री जागलो आहे. मी रागावून बोललो नव्हतो. सवयीने बोललो होतो, आणि तेच मला जास्त लागतं. समोर माणूस जमिनीवर पडला होता, त्याचे डोळे फिरत होते, आणि माझ्या मनात पहिला हिशेब आला तो उरलेल्या स्लॅबला बर्फ पुरेल का याचा. तिने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. आपण काय ऐकलं याची तिला खात्री करून घ्यायची असावी, असं वाटलं. मग ती पुन्हा बर्फ फोडायला लागली. मानेला, काखेत, जांघेत तिने बर्फ लावला. स्लॅबवर अंथरायची ओली पोती त्याच्या अंगावर टाकली. दोघं जण प्लायवूडच्या तुकड्याने वारा घालत राहिले. गाडी यायला अर्धा तास लागला. मी स्लॅबवर परत गेलो होतो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी विचारलं की बर्फ कुणी लावला. मग विचारलं, कामावर येऊन किती दिवस झाले होते? तीन, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. सवय ही खरी गोष्ट आहे, ते म्हणाले, पण ती गावावरून किंवा जातीवरून येत नाही. उन्हात काम करणाऱ्या शरीराला ती लागायला एक-दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं. महिनाभर काम सुटलं की ती सवयही सुटते. कष्टाने शरीर आतून तापतं, वरून ऊन, आणि आतलं तापमान 40च्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो. बरळणं, झोकांड्या खाणं ही त्याचीच खूण. असा कष्टकरी माणूस घामाने भिजलेलाही असू शकतो. अशा वेळी दवाखान्यात नेण्याआधी त्याला जागेवरच थंड करायचं असतं.

40 हा आकडा मला पाठ होता. काँक्रीटचा.

पोरगा वाचला. पण त्याची चाल पूर्वीसारखी झाली नाही, तोल जायचा. परांचीवर चढणं संपलं. त्याला गावी पाठवलं. पुढे त्याचं काय झालं, याची चौकशी मी केली नाही. करायला हवी होती.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या साइटवर उन्हाळ्यातले स्लॅब रात्री सुरू व्हायला लागले. नव्या आणि गावाहून परतलेल्या माणसाला पहिला आठवडा हलकं काम, रोजी मात्र पूर्ण. ठेकेदार कुरकुरला, पण झालं. बाया दिवसभर पाणी का पीत नाहीत, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आडोसा नव्हता म्हणून त्या तहान मारत होत्या. बांधकाम मजुरांसाठीच्या 1996च्या कायद्यात पिण्याचं पाणी आणि संडास दोन्ही बंधनकारक होते. तो कायदा माझ्या कपाटात होता. चुका पुढेही झाल्या. रात्री राबलेल्यांना दिवसा तापलेल्या पत्र्याच्या खोल्यांत झोप येईना, हे मला उशिरा कळलं.

2023च्या एप्रिलमध्ये मुंबईजवळ खारघरच्या मैदानावर कार्यक्रमाला जमलेली माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा 38च्या आसपास होता. आमच्याकडे 38ला कुणी ऊनसुद्धा म्हणत नाही. पण तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर निवत नाही. माझी आणखी एक समजूत तेव्हा गेली.

एक गोष्ट अजून तशीच आहे. त्या दिवशीची अपघात नोंदवही मीच भरली होती. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात "चक्कर आली" एवढंच लिहिलं आहे. उष्माघात हा शब्द दवाखान्यात ऐकूनही मी ती नोंद बदलली नाही.