नावाचा रकाना

"चिऊच ठेवू," बायको म्हणाली. मलाही आवडलं. छोटं, गोड, कुठल्याही फॉर्ममध्ये मावणारं. समुद्रपूरला आईला फोन लावला.

आईचं आधार कार्डावरचं नाव बेबी. ती चौथी मुलगी. "माह्यं नाव ठेवाले कोनाले टाईमच नव्हता," ती हसून म्हणाली. मला हसू आलं नाही. २०११ साली साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. बेबीसाठी कोण समारंभ करणार? ते तर लाडाचंच वाटतं ना!

जन्मनोंदणीत नाव घालायला वर्षभर फी नसते. आमचे दोन महिने उरलेत. काल आईनं विचारलं, "चिऊ साठ वर्षांची झाली का तिले काय म्हनतीन?"

"चिऊआजी," बायको मागून ओरडली.

आईनं ते दोनदा म्हणून पाहिलं.