पेट्रोल संपलं का?

अल्ट्रालाइट विमान शेतात उतरलं की बांधावरून धावत येणारा पहिला माणूस हमखास विचारतो, "पेट्रोल संपलं का?" प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचा कधी राग आला नाही. विचारणाऱ्याने स्वतः कधी तरी मोटारसायकल ढकलत नेलेली असते, त्यामुळे त्याच्या आवाजात आपुलकी असते. दुसरा माणूस येतो तो मोबाइल समोर धरूनच. वैमानिक पेट्रोलचा कॉक बंद करून पट्टे सोडवतोय तोवर तालुक्याच्या ग्रुपवर 'विमान कोसळले' पोचलेलं असतं.

प्रस्तुत लेखक ही छोटी विमानं उडवायला शिकवतो. इंजिन बंद पडल्यावर उतरायचं कसं, यातच शिकवण्याचा मोठा वेळ जातो. या विमानांत इंजिन बंद पडणं हे काही आक्रीत नव्हे. बेंगळुरूच्या राजहंस कंपनीची एक्स-एअर घ्या. अशा विमानांवर वर्षानुवर्षं बसत आलेलं रोटॅक्स ५८२ हे टू-स्ट्रोक इंजिन बनवणारी ऑस्ट्रियातली कंपनी आपल्याच पुस्तिकेत बजावते, की हे इंजिन मुळातल्या रचनेमुळे अचानक बंद पडू शकतं. जिथून इंजिनाशिवाय सुखरूप उतरता येणार नाही अशा जागी, अशा उंचीवर उडूच नका. विकणाराच इतकं सरळ सांगतो. बातमीत मात्र 'तांत्रिक बिघाड' असं म्हणून विषय संपतो, आणि त्यानंतरचं एक-दीड मिनिट, ज्यात सगळा कस लागतो, ते कुठेच येत नाही.

इंजिन गेलं की नाक खाली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर शाई घालवायला नको. लेखकाला छळणारा प्रश्न वेगळाच आहे: आपण नेमके टेकणार कुठे? एक्स-एअर एक फूट खाली येताना जेमतेम सहा-सात फूट पुढे सरकते. तीनशे फुटांवर इंजिन गेलं तर समोरचे पाच-सहाशे मीटर आपले, बाकी जग दुसऱ्याचं. या हिशेबावर लेखकाची नजर पक्की झाली होती. खिडकीतून शेत कुठे दिसलं म्हणजे वळायचं, हे त्याला विचार करावा लागत नसे. मग नवी विमानं आली. एनसीसी, हवाई दल आणि नौदलासाठी स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या १९४ व्हायरस विमानांचा करार २०१५ मध्ये झाला. हे गुळगुळीत विमान एका फुटाला सतरा फूट जातं. म्हणजे त्याच तीनशे फुटांत दीड किलोमीटर. ऐकायला ही चैन वाटते.

पण लांब जाणारं विमान खाली यायला तयार नसतं! हेरलेल्या शेताच्या अलीकडचा बांध ओलांडताना दहा फूट उंची जास्त राहिली, तर एक्स-एअरमध्ये ती वीस मीटरभरात विरून जाते. व्हायरस मात्र तरंगत राहतं, खालून सऱ्या सरकत राहतात आणि पलीकडच्या बांधावरची बाभूळ मोठी होत येते. छताजवळचा एअरब्रेकचा दांडा ओढायचा असतो. लेखकाचा हात तिकडे जायला अजूनही एक श्वास उशीर लावतो, कारण इतकी वर्षं हाताला उंची जपायची सवय, उधळायची नाही. साठीकडे झुकलेल्या हाताला काटकसर सोडायला सांगणं अवघड जातं. विद्यार्थी शेजारी बसून हे बघतात आणि काही बोलत नाहीत. तेच जास्त लागतं.

हडपसरच्या ग्लायडरवाल्यांपुढे हे रडगाणं गाण्यात अर्थ नाही. त्यांचं प्रत्येक उतरणं इंजिनाशिवायच असतं, त्यामुळे यात इमर्जन्सी कसली, असा त्यांचा चेहरा असतो. त्यांचा तोरा सहन होत नाही, पण त्यांच्या बाजूने एक भक्कम दाखला आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ कॅनडावर एक्केचाळीस हजार फुटांवर असताना खरोखरच इंधन संपलं. किलो आणि पौंडांच्या घोळात भरलंच कमी होतं. कप्तान हौशी ग्लायडर वैमानिक होता. गिमली इथल्या जुन्या हवाईतळाच्या धावपट्टीकडे येताना तो अडचणीत आला तो उंची कमी पडल्यामुळे नव्हे. ती जास्त झाली म्हणून. मग त्याने एवढं थोरलं जेट विमान तिरकं धरून साइडस्लिप केलं आणि उंची मारली. एकोणसत्तर जण वाचले. पहिला माणूस विचारतो तो प्रश्न तिथे अगदी बरोबर ठरला असता.

साइडस्लिप व्हायरसवरही होते. पण एअरब्रेक असताना ती करायची म्हणजे लेखकाची हौस, असं आता विद्यार्थी म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

टेकायचं कुठे हे ठरलं तरी शेत कसलं, हा प्रश्न राहतोच. महाराष्ट्रात त्याचं उत्तर बहुतेक वेळा तारा देतात. वरून तार दिसत नाही, खांब दिसतात. तेही उन्हाची तिरीप बरोबर असेल तर. म्हणून विहीर शोधायची. विहीर आहे तिथे मोटर आहे, मोटर आहे तिथे रस्त्यावरच्या खांबापासून तिरकी आलेली तार आहे, बऱ्याचदा मधल्या वाकड्या लाकडी डांबावरून. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूचं रान करपलेलं असताना जे शेत हिरवंगार दिसतं, त्याकडे नवशिक्याचं मन ओढ घेतं. ते हिरवं आहे म्हणजे तिथे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे तार आहे. शिवाय ते उसाचं असेल तर चाकं शेंड्यांत अडकून विमान नाकावर उलटतं. हरभरा काढलेलं कोरडं रान बरं. नांगरट असेल तर तासाच्या दिशेने, वारा थोडा आडवा पडला तरी चालेल.

बातमीत यातलं काय येतं? 'वैमानिकाने प्रसंगावधान राखून लोकवस्ती टाळली.' हे वाक्य लेखकाने इतक्या वेळा वाचलंय की आता वाचताना त्याचे ओठ हलतात. इंजिन बंद पडल्यावर मुद्दाम घरांवर जाणारा वैमानिक अजून जन्माला यायचाय. तो मोकळं रान बघतो ते स्वतःचा जीव वाचवायला, आणि त्यातच वस्ती आपोआप वाचते. खरं प्रसंगावधान त्या विहिरीकडे बघण्यात होतं, पण विहिरीचा फोटो कोण छापणार.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात आलं. आत एकटी प्रशिक्षणार्थी होती. सेसना अल्ट्रालाइटपेक्षा जड, पण गोष्ट तीच. विमानाची मोडतोड झाली, मुलगी किरकोळ जखमांवर निभावली. त्या दिवशीचे बहुतेक मथळे कोसळण्याचेच होते. एवढी मोडतोड झाल्यावर त्याला अपघात म्हणणं नियमातही बसतं, तक्रार त्याबद्दल नाही. एकट्याने उडणारी शिकाऊ मुलगी पावसाळ्यातल्या शेतात विमान आणते आणि जिवंत बाहेर येते, यात तिने काय काय बरोबर केलं असेल हे विचारायला कुणाला सवड नव्हती, तक्रार त्याबद्दल आहे. उलट २४ फेब्रुवारी २०२० ला पतियाळात एनसीसीचं मायक्रोलाइट पडलं, हवाई दलाचे एक ग्रुप कॅप्टन गेले, कॅडेट जखमी झाला. तिथे मथळा खरा होता. दोन्ही घटनांना एकच क्रियापद लावलं की वाचकाला फरक कळायचा कसा?

नियमांची भाषा या बाबतीत बरी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघात म्हणायला मृत्यू किंवा गंभीर इजा, विमानाच्या सांगाड्याचं मोठं नुकसान, किंवा विमानच बेपत्ता होणं लागतं. नुसता वाकलेला प्रोपेलर, फुटलेला टायर, खरचटलेलं पंखाचं टोक त्यात धरत नाहीत. म्हणजे बऱ्याच 'भीषण अपघातां'ची नोंद अपघात म्हणून होतच नाही.

हे सगळं लेखकाला फार जुनं आणि सवयीचं होतं. एका विद्यार्थिनीने ते पुन्हा कुरतडायला लावलं. सराव चालला होता. आठशे फुटांवर त्याने थ्रॉटल मागे घेतला आणि म्हणाला, "इंजिन गेलं." डाव्या हाताला गावालगत सपाट गायरान होतं, वाऱ्याच्या तोंडावर, बाजूला डांबरी रस्ता. तिने त्याकडे पाहिलं आणि उजवीकडे टेकडीपलीकडच्या दगडगोट्यांच्या माळाकडे वळली. दोनशे फुटांवर पॉवर देऊन ते वर आले. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "गायरान दिसलं नाही?"

"दिसलं ना सर. पण तिथं माणसं होती."

"असणारच. लागलं-खुपलं तर धावून कोण येणार?"

"ते नंतर येतात सर. आधी व्हिडिओ येतो. आई दिवसभर मोबाइलवर असते."

लेखकाकडे यावर उत्तर नव्हतं. तिच्या खिडकीतून शेत, वारा, तार हे सगळं दिसत होतंच, त्यात एक मथळाही दिसत होता, आणि ती त्यापासून लांब उतरायला चालली होती. तेव्हापासून तो प्रत्येक सरावानंतर विचारतो, हे शेत का निवडलं, आणि हे दुसरं का सोडलं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त खरी असतात. एक जण म्हणाला, परत फिरून धावपट्टीवरच आलो असतो सर, शेतात उतरलो तर पेपरात येईल. उड्डाणानंतर कमी उंचीवर मागे फिरणं हे या धंद्यातलं सर्वांत जुनं मरण आहे. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो, सुमारे १९ टक्क्यांनी चढतो, आणि जमीन जवळ आली की माणूस घाईने आणखी कलतो. हे त्या मुलाला पाठ होतं, तरी त्याला पेपरची भीती जास्त वाटत होती.

भीती एकीकडे, तर हौस दुसरीकडे. २४ नोव्हेंबर २०२१ ला कॅलिफोर्नियात ट्रेव्हर जेकब या यूट्यूबरने १९४० सालच्या टेलरक्राफ्टमधून पॅराशूट लावून उडी मारली आणि विमान डोंगरात पडू दिलं. चित्रीकरण अर्थातच जय्यत होतं. एका पाकीट विकणाऱ्या कंपनीची जाहिरात करायची होती. ग्लाइड करत पोचता येतील अशा मोकळ्या जागा होत्या, त्याने ना इंजिन पुन्हा सुरू करून पाहिलं ना जागा शोधली, असं अमेरिकी विमान नियामकाने म्हटलं आणि २०२२ मध्ये परवाना काढून घेतला. अवशेष नष्ट करून तपासात अडथळा आणल्याबद्दल २०२३ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. लेखकाला सर्वांत जास्त चीड आली ती त्या मोकळ्या जागांमुळे. त्याने तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आहे आणि आपण कुठे उतरलो असतो ते ठरवलं आहे.

आता लेखकाच्या स्वतःच्या अहंकाराबद्दल. काही वर्षांपूर्वी तो हरभऱ्याच्या रानात असाच उतरला होता. सुरेख उतरला होता, हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तोच सांगतोय: दोन विहिरींच्या तारांमधून, तासाच्या दिशेने, चाकाला ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात आलं की शिकाऊ वैमानिकाचं विमान भरकटून शेतात घुसलं. 'भरकटून' त्याने गिळलं. 'घुसलं'ही गिळलं. 'शिकाऊ' गिळवेना. त्याने संपादकांना लांबलचक पत्र लिहिलं, त्यात आपली सगळी कारकीर्द मांडली आणि तारांबद्दल, त्या शेताबद्दल एक ओळही लिहिली नाही. पत्र छापून आलं नाही. त्याची प्रत मात्र अजून जपून ठेवली आहे.

विमान शेतातून परत आणणं ही आणखी वेगळी तऱ्हा. संबंधितांची परवानगी येईपर्यंत ते हलवता येत नाही, तोवर गर्दी जमते, आइसक्रीमची गाडीसुद्धा येते. मग पंख उतरवून सांगाडा टेम्पोत चढवतात. पंख काढलेलं विमान टेम्पोत बघितलं की कुणालाही ते मोडलेलं वाटतं, आणि 'पंख तुटलेल्या अवस्थेतील विमान' असा फोटो हमखास छापून येतो. म्हणून लेखक आता ताडपत्री घेऊन जातो. ताडपत्री टाकल्यावर लोक खाली काय लपवलंय असं विचारतात, तो भाग वेगळा.

सर्वांत शेवटी पिकाची भरपाई. त्या हरभऱ्याच्या रानात बांधाकडेला एक कांद्याचा वाफा होता आणि विमान ढकलून बाहेर काढताना त्यातल्या दोन सऱ्या तुडवल्या गेल्या. लेखकाने तेवढ्याचे पैसे पुढे केले. शेतकऱ्याने ते मोजले, मग खिशातून घडी घातलेला पेपर काढला.

"साहेब, यात घुसलंय म्हणून छापलंय. आन् तुम्ही दोन सऱ्यांवर भागवताय व्हय?"

लेखकाने अख्ख्या वाफ्याचे दिले.