पंचेचाळीस रुपयांची पावती

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. म्हण रचणारा गृहस्थ अनुभवी खरा. पण बांधलेल्या घरात तो स्वतःच राहिला असावा. त्यातली एखादी खोली त्याने भाड्याने दिली असती, तर म्हणीला तिसरा चरण जोडल्यावाचून तो राहता ना!

मी घरमालक आहे. 'घरमालक' म्हटले की झोपाळ्यावर बसून पान चघळणारी आणि भाडे थकले की नळ बंद करणारी एक मूर्ती तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते, हे मी जाणून आहे. नोकरीची तीस वर्षे मी पुण्यात बिऱ्हाडकरू म्हणून काढली. तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर तीच उभी राहत असे. माझी मालकी ती केवढी? दौंडला वडिलांचे कौलारू घर आणि शिरूरला निवृत्तीच्या पैशांतून व थोड्या कर्जातून उभ्या केलेल्या चार खोल्या.

वडील रेल्वेत होते. दौंड हे जंक्शन. मनमाडकडची लाईन इथूनच फुटते. बदली होऊन येणाऱ्याला लगेच क्वार्टर मिळेलच असे नसे. मग गावात कुणाची तरी खोली बघायची. १९७६ साली वडिलांनी मागच्या दोन खोल्या खात्यातल्याच एका फिटरला दिल्या. भाडे वीस रुपये. कागद नाही, अनामत नाही. 'मनुष्य चांगला आहे' हा करार आणि वर घेतलेला चहा हा त्यावरचा स्टँप! पुढे फिटरकाका वारले, त्यांची मुलगी सासरी गेली, माझे वडीलही गेले. काकू तेवढ्या राहिल्या. भाडे चढत चढत पंचेचाळीस रुपयांवर आले आणि दमून तिथेच बसले.

वर्षाचे झाले ५४० रुपये. घरपट्टीच त्याहून अधिक. वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याप्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ करता येते." पंचेचाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. हल्ली ऐंशी पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न काकूंच्या आधी मलाच पडला. घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याच कायद्याने मालकावर टाकलेली आहे.

शिरूरला वडिलांची चूक करायची नाही, असे मी ठरवले. रांजणगावची औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे घोडनदीकाठच्या या गावात खोल्यांना गिऱ्हाईक कायमचे. मी अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसेन्सचे करार केले आणि ते रीतसर नोंदवले. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ते काम मालकाचे. ते केले नाही, तर वाद उद्‌भवल्यावर अटींबाबत बिऱ्हाडकरू म्हणेल ते खरे धरले जाते. उलट सिद्ध करायचे ते मालकाने. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही!

कागदाची ही धास्ती मला वडिलांच्या एका पुण्याच्या स्नेह्यांमुळे बसली होती. त्यांनी एक खोली भाड्याने न देता 'वापरायला' म्हणून दिली होती. मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी करारानिशी ताब्यात असलेले असे सारे परवानाधारक भाडेकरू ठरले. त्यानंतर त्या गृहस्थांनी दुसऱ्या खोलीला जे कुलूप घातले, ते मरेपर्यंत काढले नाही.

मग २०२० साल आले. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि कारखाने थांबले. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितले की, भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला, भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर काढू नका. योग्यच होते ते. कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनेही दिली होती; पण व्याज काही ढकलले जात नव्हते. माझ्या चार खोल्यांपैकी तीन रिकाम्या झाल्या. चौथीला बिहारचा एक मुलगा कुलूप लावून मे महिन्यात गावी गेला. आत त्याची ट्रंक आणि सायकल. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, "आता येत नाही." पुढे तो ट्रंक न्यायला आला तेव्हा भांडण होणार, म्हणून मी छातीचा कोट करून बसलो होतो. कागद उघडला. चार महिन्यांचे भाडे दहा हजार, अनामत दहा हजार. पाच मिनिटांत हिशेब मिटला. चहा पिऊन, सायकलीला ट्रंक बांधून मुलगा गेला. कागदाला माणुसकी नसते म्हणतात. पण त्या दिवशी आम्हा दोघांची अब्रू कागदानेच राखली.

दौंडला मात्र मला त्या वर्षी दिवाळीतच जाता आले. न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून दौंड. पिशवीत वकिलांनी तयार करून दिलेला नोटिशीचा मसुदा होता. घर विकावे, शिरूरचे कर्ज फेडावे, हा बेत.

काकूंनी दार उघडले. घरात ओलीचा वास. पावसाळाभर दोन ठिकाणी गळत होते. खाली पातेली ठेवून त्यांनी दिवस काढले होते.

"काकू, मला कळवायचे नाही का?"

"अरे, बंदीत तू येणार कसा? उगाच जिवाला घोर."

मग त्यांनी फळीवरून डबा काढला. त्यात कागदाच्या आठ पुड्या. एप्रिल ते नोव्हेंबर. प्रत्येकीत पंचेचाळीस रुपये. मी ३६० रुपये मोजून घेतले. त्या म्हणाल्या, "पावत्या देशील ना? आठ वेगवेगळ्या दे."

डब्याच्या तळाशी वडिलांच्या हातच्या पावत्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या दिसल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडिलांचा कागदावाचूनचा व्यवहार मी आजवर त्यांचा मोठेपणा किंवा भाबडेपणा समजत होतो. पण बिनकागदाच्या त्या विश्वासाचे भाडे काकू गेली कित्येक वर्षे भीतीने भरत होत्या. मी दौंडला गेलो की यांच्या पोटात गोळा येत असणार. गळते म्हणून कळवले नाही, ते बंदीमुळे नव्हे. दुरुस्तीचे निमित्त करून आपल्याला हलवतील म्हणून!

मी आठ पावत्या लिहिल्या. नोटीस पिशवीतच राहिली. पुढच्या पावसाळ्याआधी कौले आणि वासे बदलून घेतले. खर्च ३७,८०० रुपये. पंचेचाळीसच्या हिशेबाने तो वसूल व्हायला बरोबर सत्तर वर्षे लागतील.

मागाहून मी एक करारनामाही करवून घेतला : काकू हयात आहेत तोवर त्यांनी याच भाड्यात इथे राहावे. नोंदणीपूर्वी सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी जावयाकडून दोनदा वाचून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी कधी सही मागितली नव्हती रे." करारनामा त्यांनी पावत्यांच्या डब्यात ठेवून दिला. सही अजून झालेली नाही. मुलांना वाटते, मी घर घालवले. बायको काही बोलत नाही. पण घरपट्टीची पावती आली की ती माझ्या ताटाशेजारी ठेवते.

परवा पावतीपुस्तक संपले म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "पन्नास पानी देऊ की शंभर?"

काकूंचे वय मनात आले. मी म्हटले, "शंभर द्या."